श्रावणाचं ढेकूळ

अकोटहून सकाळी बैलगाडीने निघालं तर दुपारच्या भाकरीला पोचावं एवढ्या अंतरावर बोरखेडी आहे. १८६४ साली या गावाला कापसाचं वेड लागलं होतं. तसं ते सगळ्या वऱ्हाडालाच लागलं होतं, पण आमच्या गावाने कधी कुठली गोष्ट बेताने केली आहे म्हणून हीच करावी? समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात भावाभावांची लढाई जुंपली आहे, तिथला कापूस विलायतेला पोचत नाही, म्हणून आपल्या कापसाला भाव आला आहे, एवढं अकोटच्या दलालाने गावाला समजावून सांगितलं होतं. कोण कोणाशी आणि कशासाठी लढतंय हे विचारायला कोणाला सवड नव्हती. लढाई मात्र चालू राहावी म्हणून भगवंतभट जोशांनी महादेवाला अभिषेक घातला. संकल्प सोडताना जय कोणाच्या पदरात मागायचा असा पेच पडला, तेव्हा खुशालराव पाटलांनी दोघांच्याही मागा म्हणून सांगितलं.

खुशालराव हे गावचे पाटील. त्यांनी त्या वर्षी मुंबईहून भिंतीवरचं घड्याळ मागवलं होतं. ते कोणालाच वाचता येत नव्हतं, पण त्याचे टोले ऐकायला लोक ओसरीवर येऊन बसत आणि टोले संपले की समाधानाने माना डोलवून घरी जात. जुनं मातीचं घर आता पाटलांना शोभेना, म्हणून पक्क्या विटांचं नवं घर बांधायला काढलं होतं आणि त्यासाठी गावाबाहेर विटांची भट्टी लावली होती. भट्टी दिवसरात्र धुमसत असे. गावाची भरभराट अशी लांबूनसुद्धा डोळ्यांना झोंबत होती.

पेरा म्हणाल तर जिकडे पाहावं तिकडे पऱ्हाटी. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, उकिरड्याच्या कडेला पऱ्हाटी, स्मशानाच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी. शेवटच्या प्रवासालाही माणूस कापसातूनच जायचा. आयाबाया आणि बाप्ये उजाडताच वावरात जायचे ते दिवेलागणीला परतायचे. मागे राहायची ती बिनकामाची तीन-चार वर्षांची पोरं. ती गाड्यांखाली शिरत, बैलांच्या शेपट्या ओढत, कापसाच्या ढिगात उड्या मारत. एक पोरगं तर ढिगातच झोपलं आणि गाडीत भरलं जाता जाता वाचलं. दलाल म्हणाला की बरं झालं दिसलं, नाहीतर वजनात धरावं लागलं असतं. त्या दिवशी बायकांनी ठरवलं की ही पिल्लावळ मनकर्णेकडे सोडायची.

मनकर्णा माळ्याची. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. देवस्थानच्या जमिनीत विहिरीला लागून भाजीपाल्याचा एक तुकडा होता, आमच्याकडे त्याला बाडी म्हणतात, ती बाडी ती कसायची आणि देवळाला वर्षाचा भाग द्यायची. मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, वांगी, कांदे, कडेने झेंडू. बाई अंगाने काटकुळी आणि तोंडाने फटकळ. मुलांना शिकवायचं वगैरे तिच्या मनातही नव्हतं. पोरांनी वांगी तुडवू नयेत एवढीच तिची इच्छा होती. म्हणून तिने पहिल्याच दिवशी प्रत्येकाला परातीएवढा वाफा आखून दिला आणि सांगितलं की दुसऱ्याचा वाफा जो तुडवेल, त्याने त्या वाफ्याला पाणी आणून घालायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांचे वाफे तुडवले आणि सगळे दिवसभर पाणी आणत राहिले. दुसऱ्या दिवसापासून पोरं पाय बघून टाकायला लागली. मोठ्यांच्या बांधाच्या भांडणांना हा उपाय कोणी करून पाहिला असता तर अकोल्याची कचेरी ओस पडली असती, पण ते असो.

पुढे मग एकातून एक निघत गेलं. सांबार पेरायचं तर धने रगडून पेरायचे की अख्खे, यावर पोरांत वाद झाला. तिने दोन खापरं आणून दिली आणि दोन्ही तऱ्हेने पेरा म्हणाली. वाल भिजवून कोणी ओल्या फडक्यात ठेवले, कोणी टोपलीखाली अंधारात ठेवले, कोणी न भिजवता पुरले. ओलं फडकं सावलीत आधी वाळतं की उन्हात, मुंग्या अंडी घेऊन कुठल्या दिवशी निघतात, लोहाराचा धूर आज कोणाच्या घरावर चालला आहे, असे एकेक उद्योग. धूर पाहिल्याशिवाय बाडीच्या फाटकातून आत यायचं नाही असा नियमच झाला. पोरांनी काहीही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे, ‘पाह्य.’ पोरं पाहत बसत. तेवढा वेळ वांगी सुखरूप राहत.

सगळ्यात आवडीचा खेळ ढेकळांचा. जो तो वेगवेगळ्या जागेचं ढेकूळ आणायचा आणि पाण्याच्या खापरात सोडायचा. वावरातलं काळं ढेकूळ सुस्कारा टाकून विरघळून जायचं. नदीकाठचं जरा टिकायचं. सालदाराचा पोरगा सूर्यभान वारुळाची माती आणायचा, तीही दुपारपर्यंत ढासळायची. पण पाटलांची नात शकुन, ही चार वर्षांची चिमुरडी, एकदा विटांच्या भट्टीजवळून अर्धवट भाजलेलं ढेकूळ घेऊन आली. ते दिवसभर पाण्यात बसून राहिलं, काही केल्या ढळेना. पोरांनी त्याचं नाव पहेलवान ठेवलं. तेव्हापासून शकुन दुसरीकडची माती हातात धरेना.

होळी झाली आणि खुशालरावांनी सांगून टाकलं की या मृगाला बाडीत पऱ्हाटी लागेल. देवस्थानच्या जमिनीचे कारभारी तेच होते. मनकर्णा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. पोरं कुठे जातील, असं तिने विचारलं. देवळाच्या पारावर बसव, असं पाटील म्हणाले. ती उठेना, तेव्हा त्यांनी जरा समजुतीने सांगितलं.

“देवालेही आता कापूसच पायजे, मनकर्णे. भाजी आमी अकोटाहून आणू.”

तिला पोटाची चिंता नव्हती, दोन हात होते, मोलमजुरी कुठेही मिळाली असती. पण ते परातीएवढे वाफे जाणार होते. तिची स्वतःची दोन लेकरं चालायला लागण्याआधीच गेली होती. ही गोष्ट गावाला ठाऊक होती, पण त्या वर्षी गावाच्या ध्यानात भावाशिवाय काही राहत नव्हतं.

वैशाखात अक्षय तृतीया आली. त्या दिवशी आमच्याकडे घट मांडतात. चार ढेकळं ठेवायची, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन अशी त्यांना नावं द्यायची, वर पाण्याने भरलेली कोरी घागर बसवायची. घागर पाझरते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचं, की ज्या महिन्याचं ढेकूळ भिजून बसलं त्या महिन्यात पाऊस आणि जे कोरडं राहिलं त्या महिन्यात ओढ. बोरखेडीत ही ढेकळं पाच वर्षांच्या आतल्या लेकरांनी आणायची असा रिवाज. लहानग्यांच्या हातात कपट नसतं असं जोशीबुवा सांगत. मोठ्यांच्या हातांविषयी ते काही बोलत नसत.

एरवी पोरं घराशेजारच्या वावरातून चार काळी ढेकळं उचलून आणत आणि प्रश्न मिटत असे. त्या वर्षी मात्र कापूस एवढा पेरायचा होता की घटाला भलतंच महत्त्व आलं. अकोटचा दलालही मुद्दाम येऊन बसला होता. खुशालरावांनी पोरांना समोर उभं केलं आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवून बजावलं की साधंसुधं नको, चांगलं पाहून आणजा. चांगलं ढेकूळ कशाला म्हणतात हे ठाऊक असलेली गावात तेवढीच माणसं होती. ती धावत गेली. घागर बसवली गेली तेव्हा शकुनचं ढेकूळ श्रावणाच्या जागी होतं.

सकाळी सगळं गाव देवळापुढे जमलं. आषाढ चिखल होऊन बसला होता. भाद्रपदाची कड ढासळली होती. आश्विनाला ओल होती. श्रावण मात्र घागरीखाली ठणठणीत उभा होता. भगवंतभटांनी वाकून पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं आणि श्रावण कोरडा जाणार असं सांगितलं. कोणी डोकं धरून खाली बसलं. दलाल तेव्हाच गाडीकडे निघाला.

मनकर्णेने पहिल्या नजरेतच ढेकूळ ओळखलं होतं. शकुन आईच्या, दुर्गाबाईच्या, कडेवरून तिच्याकडे पाहून हसत होती, कारण तिचा पहेलवान पुन्हा जिंकला होता. बोलायचं ते मनकर्णेच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. श्रावण कोरडा म्हटल्यावर लोक कापसाचा हात आखडता घेतील, ज्वारी पेरतील, भाजीची किंमत कळेल आणि बाडी राहील, असा तिने हिशेब केला. तिने पोरांना गोळा केलं आणि घेऊन गेली. त्या दिवशी तिने वाफ्यांना दोनदा पाणी दिलं.

खुशालरावांनी दिवसभर विचार केला. घड्याळाचे सगळे टोले होईपर्यंत ते ओसरीवर बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल सांगितला, की श्रावण कोरडा जायचा असेल तर कापसाला विहिरीचं पाणी लागेल, आणि गावात विहिरीखालची काळी जमीन म्हणजे मनकर्णेची बाडी. तेव्हा मृगाची वाट पाहायला नको, नांगर आजच लावा. अकलेचा असा उजेड पडला की त्याच्यापुढे कोणी सहसा टिकत नाही.

मनकर्णा धावत ओसरीवर आली. या वेळी ती बसली नाही.

“पाटील, थे ढेकूळ भट्टीवरचं हाय. भाजल्या मातीत पानी मुरत नाही. आपल्या शकुननंच आणलं थे.”

“मंग काल काहून नाही बोलली?”

पाटलांनी नातीला बोलावून विचारलं. शकुनने मोठ्या अभिमानाने कबूल केलं, की ढेकूळ भट्टीवरचंच, सगळ्यात चांगलं तेच असतं, आबाजींनीच चांगलं आणायला सांगितलं होतं. क्षणभर खुशालरावांचा चेहरा पडला. पण भगवंतभट तिथेच होते. त्यांनी समजावलं की लेकरू कुठे गेलं हे महत्त्वाचं नाही, त्याला तिकडे कोणी पाठवलं हे महत्त्वाचं. एवढी वावरं सोडून ती भट्टीकडेच का गेली? देवाला श्रावण कोरडा सांगायचा होता, म्हणून त्याने पोरीला भाजलेल्या मातीकडे नेलं. ओसरीवरच्या सगळ्यांना हे एकदम पटलं. मनकर्णेला बाडी जाऊ द्यायची नाही म्हणून ती देवाला खोटं पाडते आहे, असंही दोघं-तिघं म्हणाले. दुपारपर्यंत वांगी, कांदे आणि परातीएवढे वाफे नांगराखाली गेले. मुलं फाटकाबाहेर रांगेने उभी होती. कोणीही रडलं नाही, ती फक्त पाहत होती, कारण तिने त्यांना तेवढंच शिकवलं होतं.

श्रावणात पाऊस असा कोसळला की नदीने दोनदा गावाची वाट बंद केली. बाडी खोलगट भागात, तिथे गुडघाभर पाणी साचलं आणि पऱ्हाटी पिवळी पडली. भगवंतभटांची जीभ मात्र कोरडी पडली नाही. श्रावणाचं ढेकूळ मजबूत राहिलं याचा अर्थ श्रावण मजबूत जाणार असाच होता, तुम्ही अर्धवट ऐकलं, असं ते म्हणाले. भाव एवढा चढला होता की पिवळ्या पऱ्हाटीचा किडका कापूससुद्धा विकला गेला. गावात कोणाचं काही चुकलं नाही.

पोरं देवळाच्या पारावर बसू लागली. दगडाच्या फरशीवर काय उगवणार? मनकर्णेने खापरांत माती भरून दिली आणि प्रत्येकाला थोडं थोडं सांबार पेरायला लावलं. ते बोटभर वर आलं. गावात हिरवं पान दिसेनासं झालं होतं, आणि अकोटहून येणारी भाजी वाटेतच मान टाकत होती. एकदा पाटलांकडे दलालाची पंगत होती. चटणीला सांबार नाही म्हणून पारावरची सगळी खापरं उचलून नेली. संध्याकाळी ती रिकामी परत आली. दलालाने चटणीची फार तारीफ केली असं दुर्गाबाईने मनकर्णेला मुद्दाम सांगितलं, तिला बरं वाटावं म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात लढाई संपली. कोण जिंकलं हे तेव्हाही कोणी विचारलं नाही, पण भाव खाली आला तो धपकन. दलालाची वाट पाहून लोक थकले. पाटलांचं विटांचं घर छपराशिवाय उभं राहिलं. मग खुशालरावांनी मनकर्णेला बोलावलं आणि बाडी घे म्हणाले. आता देवाला भाजी चालणार होती.

तिने नाही म्हटलं नाही. पावसाळाभर ती त्या जमिनीशी झटली. शेणखत घातलं, पाणी साचायचं तिथून चर काढला, आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा परातीएवढे वाफे आखले. मागच्या वर्षी ज्यांचे होते त्यांचे, आणि घरोघरी नव्याने चालू लागलेल्यांचेही. मेथी टाकली. मेथी वर आली. पोरं आली नाहीत.

ती घरोघर विचारायला गेली. वेचणी सुरू झाली होती. भाव पडल्यावर मजूर लावणं पाटील सोडून कोणाला परवडेना, म्हणून घरातले सगळे हात स्वतःच्या नाहीतर पाटलांच्या वावरात. चार वर्षांचं पोरही खालच्या फांद्यांची बोंडं वेचू शकतं, त्याला वाकावंही लागत नाही. सूर्यभानची आई माणिकबाई म्हणाली की मलाही आवडत नाही, पण काय करू. ती खोटं बोलत नव्हती. तेजीत पोरं कोणाला नको होती आणि मंदीत सगळ्यांना हवी झाली. मनकर्णेला बाडी मिळाली तेव्हा पोरांना सवड नव्हती.

एकटी शकुन तेवढी आली. पाटलांच्या नातीला कापूस वेचायला कोण पाठवणार? तिने स्वतःच्या वाफ्याला पाणी घातलं, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. ती चंबू घेऊन विहिरीच्या दांडावर खेपा घालत राहिली, आणि अर्ध्यावर दमून खाली बसली.

“आजी, बाकीचे कोठी गेले?”

“कापूस वेचाले.”

“मंग मी एकटी कितीकाले पानी देऊ?”

मनकर्णेला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. मग तिने चंबू उचलून विहिरीच्या काठावर पालथा घातला, शकुनला घरी पोचवलं आणि तशीच ओसरीवर गेली.

“पाटील, बाडी दुसऱ्या कोनाले द्या. मले वेचाले तुमच्या वावरात घ्या.”

खुशालरावांना वाटलं बाई भ्रमिष्ट झाली. वर्षभर या बाडीसाठी जीव टाकला, आता हातात दिली तर नको म्हणते. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली की बाडी मला पोरांसाठी पाहिजे होती, आता पोरं तुमच्या वावरात आहेत. त्यांनी भगवंतभटांकडे पाहिलं. भगवंतभटांनाही या वेळी अर्थ लावता आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मनकर्णा कमरेला ओटी बांधून पाटलांच्या वावरात वेचायला लागली. ती वेचायची कमी आणि रेंगाळायची जास्त. मुकादमाने ओरडून पाहिलं, मजुरी कापून पाहिली, मग नाद सोडला. तिच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना हळूहळू छोटी डोकी जमायला लागली.

एका सकाळी पऱ्हाटीवर दव होतं. सूर्यभानने दोन बोंडं वेचली, हातावर तोलली आणि म्हणाला की सकाळचा कापूस दुपारच्यापेक्षा जड लागतो, काहून? मनकर्णा म्हणाली, पाह्य. तेव्हा त्याने एक बोंड ढेकळावर उन्हात ठेवलं, एक झाडाखाली सावलीत ठेवलं, आणि मध्ये उकिडवा बसून तो एकदा याला, एकदा त्याला गालाला लावून बघू लागला. त्याची ओटी रिकामी होती. मागच्या ओळीतून माणिकबाई आली. तिची पाठ सकाळपासून वाकलेली होती आणि तिला राग आला होता.

“मनकर्णाबाई, पोराले कामाले लाव जरा.”

“थो कामच करून राहिला, बाई.”

माणिकबाई थोडा वेळ मुलाकडे पाहत उभी राहिली. मग तिने आपल्या ओटीतला दोन मुठी कापूस काढून त्याच्या ओटीत टाकला आणि पुढच्या झाडाला लागली.